नऊ घरांचं शेण

मी गुरांची डॉक्टर आहे असं सांगितलं की दिल्लीतले लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर लगेच आपल्या कुत्र्याच्या पोटाची तक्रार सांगायला लागतात, नाहीतर हळूच माझ्या हातांकडे बघतात. धुतलेत ना, अशा नजरेनं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी तर मला तिळगूळ चमच्यानं वाढला होता. मी तो खाल्ला आणि आणखी मागितला. खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझा हात म्हशीला क्वचितच लागत होता. आठवड्याचे पाच दिवस तो फायलींत असायचा, आणि फाइल ही वस्तू म्हशीपेक्षा कितीतरी घाण असते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. देशात कुठल्या जिल्ह्यात कुठल्या जनावराला काय रोग झालाय याची खबर ठेवायची. त्यासाठी दर आठवड्याला जिल्ह्याजिल्ह्यांतून एक तक्ता यायचा. लाळ्या-खुरकत, शून्य. घटसर्प, शून्य. फऱ्या, शून्य. मी नवीन होते तेव्हा मला फार बरं वाटायचं. काय सुदृढ गुरं आहेत आपल्या देशात! मग एकदा एका जिल्ह्याचं पाकीट उघडलं तर त्यात पुढच्या दोन महिन्यांचे तक्ते निघाले. सह्या झालेल्या, शिक्के मारलेले, सगळीकडे शून्य. मी तावातावानं फोन लावला. पलीकडचा माणूस जराही गडबडला नाही. म्हणाला, "मॅडम, छुट्टी पे जा रहा हूँ, इसलिए पहले ही भेज दिया." आता याच्यावर चिडायचं तरी कसं? माणूस प्रामाणिक होता, कामसू होता, आणि म्हशी पुढच्या दोन महिन्यांत आजारी पडणार नाहीत असा त्याला पक्का भरवसा होता.

अशात एक दिवस साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब मनानं वाईट नव्हते. खर्च हा शब्द ऐकला की त्यांना ढेकर यायची, एवढंच. वर कोणालातरी जाग आली होती आणि रोगांची खबर देणारी नवी व्यवस्था उभी करा असा हुकूम निघाला होता. परदेशात शिकून आलेल्या एका टोळक्यानं आधीच आराखडा दिला होता. त्यात जीपगाड्या होत्या, कॉम्प्युटर होते, औषधांचे फ्रिज होते. तो लाल शाईत न्हाऊन परत आला होता.

"कुछ ऐसा बनाइए," साहेब म्हणाले, "जिसमें खर्चा ना हो."

"किती चालेल, सर?"

"चाय-पानी."

हे मलाच का, असं विचारलं तर म्हणाले, "आप महाराष्ट्र से हैं ना. आप लोग कम में चला लेते हैं." अकरा वर्षं मी डब्यात मटकीची उसळ आणि पोळी नेत होते आणि आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरत होते, हे त्यांनी टिपून ठेवलेलं दिसलं. मला राग आला. पण काम आवडलं, म्हणून राग गिळला.

म्हैस आजारी आहे हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? डॉक्टरला तर नाहीच नाही. डॉक्टर सगळ्यात शेवटी येतो. झाडपाला झालेला असतो, दृष्ट काढलेली असते, शेजाऱ्याच्या मेव्हण्यानं कसलंसं इंजेक्शन टोचलेलं असतं, आणि म्हैस पाय ताणायच्या बेतात असली की मग आम्हाला बोलावतात. त्या जानेवारीत आमच्या मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला गेली होती. तिथे एक काका दरवर्षीचं भाषण करत होते, की आपल्याला वेळेवर बातमी कळली असती तर पानिपत झालं नसतं. मी थंडीत शाल गुंडाळून उभी होते आणि मनात म्हणत होते, काका, बातमी कोणाकडेतरी असतेच. ज्याच्याकडे असते त्याला कोणी विचारत नाही.

आता हे इतकं शहाणपण मला सुचलं होतं तर मी ते नीट वापरायला नको? पण नाही. मी गेले दूधवाल्यांकडे. हरियाणात मानेसरच्या पलीकडची पाच गावं निवडली. तिथे अर्ध्या जमिनीवर कारखाने उभे राहिले होते आणि उरलेल्या अर्ध्यात म्हशी उभ्या होत्या. दूधवाला मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन लटकवून रोज घराघरात जातो, कुठली म्हैस आटली ते त्याला लगेच कळतं, असा माझा बिनतोड हिशेब. मी चित्रांची कार्डं छापून घेतली. लाळ गळणारं तोंड, सुजलेला खूर, मेलेलं जनावर. ज्यावर खूण करायची त्यावर करा आणि टपालात टाका. तीन महिने कार्डं आली. सगळ्यांवर एकच, सब ठीक. एकावर तर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं आणि खाली तेच, सब ठीक. शेवटी एका दूधवाल्याला मी गाठलाच. तो मोटरसायकल चालूच ठेवून म्हणाला, "डॉक्टरनी जी, बीमार लिख दूँगा तो उस घर का दूध कौन लेगा? आप लोगी?"  कार्डं छापताना मला हे सुचलं नाही याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच दिवशी मला ती भेटली. गावाच्या कडेला गोवऱ्यांच्या राशी असतात, झोपडीएवढ्या उंच, बाहेरून शेणानं लिंपलेल्या. तिकडे त्यांना बिटोडा म्हणतात. तशा एका बिटोड्याच्या सावलीत मी जीपच्या ड्रायव्हरची वाट बघत उभी होते आणि एक बाई समोर गोवऱ्या थापत होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, हाडापेरानं मजबूत, तोंडानं त्याहून मजबूत. गाव तिला गोबरवाली म्हणायचं. मी भाभी म्हणायला लागले. नऊ घरांचे गोठे ती सकाळी झाडायची, शेण टोपल्यांतून इथे आणून थापायची. गोठे झाडण्याबद्दल घरं तिला धान्य द्यायची, आणि गोवऱ्यांतला काही वाटा तिचा.

"दूधवाले से पूछ रही थी?" तिनं हात न थांबवता विचारलं. "वो क्या बताएगा. वो तो खुद पानी मिलाता है."

मग तिनं मला टोपल्या दाखवल्या. ही पहिल्या घरची, घट्ट. ही तिसऱ्या घरची, त्यांनी काल सरकी पेंड बदलली. आणि ही चौथ्या घरची, बघा, रोजच्या निम्मीसुद्धा नाही. चौथ्या घरची म्हैस दोन दिवस नीट खात नाहीये. घरच्यांना अजून पत्ता नाही, कारण सून वैरण टाकून टीव्हीसमोर बसते.

मी तिच्याबरोबर चौथ्या घरी गेले. म्हशीचं तोंड उघडलं. जिभेवर फोड होते, लाळ्या-खुरकतीची अगदी सुरुवात. मला टाळी वाजवावीशी वाटली. एखाद्याच्या घरी रोग सापडल्यावर इतका आनंद होणं बरं नव्हे, पण झाला. दूधवाला लपवतो कारण दूध त्याचं असतं. मालक लपवतो कारण म्हैस त्याची असते. हिचं त्या गोठ्यात काहीच नव्हतं, म्हणून ही खरं सांगत होती.

निघताना ती म्हणाली, "डॉक्टरनी जी, मुझे भी कुछ दे दो. शाम को बुखार आता है." दोन महिने झाले होते म्हणे. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी उतरतो. कंबर आणि गुडघे इतके दुखतात की टोपली डोक्यावर चढवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एका पावसाळ्यात तिच्या जावेची घरं अशीच गेली होती. पंधरा दिवस आजारी पडली आणि घरांनी दुसरी बाई लावली. "टोकरी नहीं उठी तो घर गए," ती म्हणाली. तिला तापाची भीती नव्हती, त्या नऊ घरांची होती.

मी म्हटलं, "भाभी, मैं तो जानवरों की डॉक्टर हूँ. दवाखाने में दिखा लो." हे मी अगदी ऐटीत म्हटलं. आम्हा लोकांना माणसांचे डॉक्टर हिणवतात, त्यामुळे आपली हद्द सांभाळण्याचं आम्हाला भारी वेड असतं.

पुढच्या महिनाभरात मी पाच गावांतून तिला धरून आठ जणी जमवल्या आणि माझी व्यवस्था उभी राहिली. तेव्हा मोबाइल नुकते स्वस्त झाले होते आणि सगळी दिल्ली मिस्ड कॉलवर चालत होती. खाली आलोय, एक मिस्ड कॉल. गॅस बंद केलास का, दोन. मी तेच उचललं. आठ जुने फोन घेतले, एवढाच काय तो खर्च. रोज सकाळी शेण काढून झालं की माझ्या नंबरवर वाजवायचं. एकदा वाजलं तर सगळं ठीक. दोनदा वाजलं तर कोणीतरी खात नाही. तीनदा वाजलं तर ताबडतोब या. बोलायचं नाही, उचलायचं नाही, पैसा लागत नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला पराठा दिला.

घरी मात्र वैताग. पहाटे सहापासून माझा फोन ओरडायला लागायचा. नवरा कॉलेजात शिकवायचा आणि सकाळची झोप हा त्याचा एकुलता एक धर्म. उशीत तोंड खुपसून तो विचारायचा, "कोण?" मी म्हणायचे, "दुसऱ्या गावची भुरी म्हैस." "काय म्हणते?" "ठीक आहे म्हणते." "मग तिला सांग, ठीक असशील तर कळवू नकोस." पण मी मात्र ठाम होते. फोन आला नाही तर सगळं ठीक समजायचं नाही, हा माझा नियम होता. त्या आधीच सह्या केलेल्या तक्त्यांनी मला तेवढं शिकवलं होतं.

आणखी एक सुधारणा मी केली, आणि तिचा मला फार अभिमान होता. आधी प्रयोगशाळेत रक्त पाठवलं की निकाल तीन महिन्यांनी आमच्या कार्यालयात यायचा. तोवर जनावर बरं तरी व्हायचं नाहीतर कातडं होऊन विकलं तरी जायचं. मी नियम लिहिला, रोग निघाला तर प्रयोगशाळेनं त्याच दिवशी थेट गावच्या गुरांच्या दवाखान्याला कळवावं आणि कंपाउंडरनं मालकाला जाऊन सांगावं. मधे कार्यालय नको. साधा, फुकट आणि झटपट.

दर मंगळवारी मी गावात जायचे. भाभी मला टोपल्यांची हकीकत सांगायची आणि शेवटी तापाची. दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या दिल्या. मग टायफॉइड म्हणून सुया टोचल्या. थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा येतो. ती आता टोपली अर्धीच भरायची आणि दुप्पट खेपा घालायची, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये. मी "अरे अरे" म्हणायचे आणि वहीत लिहायचे, म्हशी ठीक.

मग एका सकाळी तिचा फोन तीनदा वाजला. मी पोचले तेव्हा काम आटोपलं होतं. पाचव्या घरची म्हैस गाभडली होती. सातव्या महिन्यातलं रेडकू मेलेलं पडलं होतं, वार अडकली होती. भाभीनं दोन्ही हातांनी ओढून काढली होती, टोपलीत भरून नेऊन पुरली होती, आणि ओढणीला हात पुसून माझी वाट बघत बसली होती. "इस गली में तीसरी है," ती म्हणाली. "सब मैंने ही उठाई. और कोई हाथ नहीं लगाता."

एका गल्लीत तीन म्हशी गाभडल्या म्हणजे काय ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. ब्रुसेला, गाभ पाडणारा संसर्ग. मी साहेबांना सांगितलं की या गल्लीतल्या म्हशींचं रक्त तपासू या. ते म्हणाले, "ये अपने प्रोजेक्ट में नहीं है. अपना खुर-मुँह है." स्वस्त व्यवस्थेत लाळ्या-खुरकत हा एकच रोग मावतो, हे मीच त्यांना पटवलं होतं. मी भांडले, पण मनापासून भांडले नाही.

त्या रविवारी सकाळी नवरा पोहे खाताना म्हणाला, "तुझी ती तीनदा वाजवणारी बाई कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे. ताप येतो तिला. संध्याकाळी चढतो, सकाळी उतरतो, घाम फुटतो, कंबर धरते, सांधे..." आणि माझा घास तसाच राहिला. हे वाक्य मी तोंडी परीक्षेत घडाघडा म्हटलं होतं. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातानं काढणाऱ्या माणसाला काय होतं, असा प्रश्न होता, आणि त्याला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. चार महिने ती बाई दर मंगळवारी माझ्यासमोर उत्तर म्हणून दाखवत होती. मी गाढव, मी मूर्ख, मी तिला दवाखान्यात दाखव म्हणून सांगत होते!

दुसऱ्याच दिवशी मी गेले आणि तिच्या ओट्यावर बसून तिचं रक्त घेतलं. तिनं बाही वर केली आणि आजूबाजूच्या चार बायका बघायला जमल्या. पण आमची प्रयोगशाळा फक्त जनावरांची. माणसाचं रक्त तिथे घेतच नाहीत, आणि ब्रुसेलाची तपासणी पटकन होईल अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती. तपासणी तर तीच असते, गुलाबी औषधाचा एक थेंब टाकायचा. त्याला काय कळतंय, रक्त कोणाचं आहे ते. म्हणून मी फॉर्म भरला. जनावर, म्हैस. वय, पाच वर्षं. रंग, काळा. मालकाचं नाव लिहिल्याशिवाय फॉर्म घेत नव्हते. तिथे काय लिहावं? खोटं नाव सुचेना, आणि नमुना हरवला तर काय घ्या, म्हणून मी तिचंच नाव लिहिलं. गावाचं नावही लिहिलं. निकाल माझ्या टेबलावर येईल आणि मी तिला घेऊन माणसांच्या डॉक्टरकडे जाईन, असं मनात धरून मी निश्चिंत झाले. माझाच नियम, मीच लिहिलेला, आणि मीच विसरले.

रोग निघाला त्याच दिवशी निकाल गेला. थेट गावात. माझी व्यवस्था इतक्या वेळेवर त्याआधी कधी चालली नव्हती आणि त्यानंतरही चालली नाही.

कंपाउंडरनं चौपालावर हुक्का पिणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन कागद वाचला. अमुक अमुक बाईची काळी म्हैस, ब्रुसेला आढळला, जनावर ताबडतोब वेगळं बांधावं, त्याचा इतर जनावरांशी संबंध येऊ देऊ नये. आधी सगळे हसले. तिच्याकडे म्हैस कुठून आली? तिच्याकडे तर कोंबडीही नव्हती. मग त्या चार बायकांतल्या एकीच्या नवऱ्यानं डोकं चालवलं. डॉक्टरनीनं परवा रक्त कोणाचं घेतलं होतं?

पुढच्या मंगळवारी मी गेले तेव्हा नऊच्या नऊ घरांनी तिचं काम बंद केलं होतं. गाभडणारा रोग हिच्या अंगात आहे आणि हीच तो गोठ्यागोठ्यातून फिरवते, असा निकाल गावानं दिला होता. मी घरोघर गेले. घसा सुकेपर्यंत सांगितलं की अहो, उलटं आहे. तुमच्या म्हशींकडून तिला लागलाय. पाचव्या घरचा म्हातारा खाटेवरून शांतपणे म्हणाला, "डॉक्टरनी जी, कागज पे तो उसी का नाम है." आणि खरंच होतं. त्यांच्या एकाही म्हशीचं रक्त तपासलं नव्हतं. सबंध गावात रोगी म्हणून कागदावर एकच जीव होता.

भाभी बिटोड्यापाशी बसली होती. हात कोरडे. मी माफी मागितली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "नऊ घरांचं मी तुम्हाला सांगितलं, तर त्यांचं नाव कुठे निघालं नाही. माझं तुम्ही सांगितलंत आणि सगळ्या गावाला कळलं." ती हे तिच्या बोलीत म्हणाली. मला ते मराठीतच आठवतं, कारण घरी जाईपर्यंत मी ते स्वतःला मराठीत ऐकवत होते. मला लाज वाटली. अजून वाटते.

मग मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. तिला गुडगावला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तो रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढून पाहिला. "मॅडम, ये तो भैंस का है." मी म्हटलं, "सर, भैंस बाहर बेंच पे बैठी है, बुला लूँ?" त्यांना हसू आलं नाही. पण त्यांनी पुन्हा रक्त तपासून घेतलं आणि सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल होते. भाभीला वाटलं आता आपण मेलोच. तिनं मला तीनदा वाजवलं, आणि मी अर्धी चाकरी सोडून धावले, फक्त घाबरू नका हे सांगायला. पण गोळ्या तिनं एकही न चुकवता घेतल्या. घर तेवढे दिवस तिच्या सुनेवर चाललं. सून मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होती, कंपनीच्या बसनं जायची. सातव्या आठवड्यात भाभीचा ताप गेला, कंबर सरळ झाली. टोपली उचलायला ती आता ठणठणीत होती. पण टोपलीत भरायला शेण नव्हतं.

साहेबांना मी लिहून दिलं की या योजनेत काम करणाऱ्या बायकांच्या तापाचा एक रकाना घालावा. त्यांनी शेरा मारला, हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे. त्या वेळी मी मनापासून भांडले. उपयोग झाला नाही.

त्यानंतर दीडेक महिन्यानं सकाळी फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा, आणि वाजतच राहिला. मी उचलला. भाभी पहिल्यांदाच फोनवर बोलत होती, खूप मोठ्यानं, जणू फोनशिवायच दिल्लीपर्यंत आवाज पोचवायचा होता. पाचव्या घरची दुसरी म्हैस गाभडली होती. वार अडकलेली. तिच्या जागी लावलेली बाई ते बघून पळून गेली होती आणि म्हाताऱ्यानं भाभीला बोलावणं धाडलं होतं. "जाऊँ?"

"हात लावू नका," मी ओरडले. "मी येतेय. काही म्हणजे काही हात लावू नका."

मी पिशवीत खांद्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे घेतले, तोंडाला बांधायचा मास्क घेतला, चुना घेतला आणि दीड तासात पोचले. भाभी पाचव्या घराच्या गोठ्याबाहेर उभी होती, सांगितल्यासारखी, हात मागे बांधून. म्हातारा आणि त्याचे मुलगे अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, नाकाला पंचे लावून. मी पिशवीतून मोजे काढले आणि म्हटलं, भाभी, तुम्ही सरका, आज मी काढते.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम निकालोगी तो तुमको चाय मिलेगी," ती म्हणाली. "मैं निकालूँगी तो मुझे घर मिलेगा."

मी म्हटलं, तुम्हाला पुन्हा लागेल. ती म्हणाली, लागेल. आणि हात पुढे केला. मी मोजे दिले. ते तिच्या दंडावर ढिले होत होते, म्हणून तिनं ओढणीच्या काठाची चिंधी फाडून ती खांद्यापाशी दातांनी गाठ मारून बांधली. तोंडावर मास्क मी बांधला. मग ती गोठ्यात शिरली आणि म्हशीच्या मागे वाकली.

मी दारात उभी होते. म्हातारा अंगण ओलांडून आला, अदबीनं माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाला, "डॉक्टरनी जी, पीछे हो जाओ. बीमारी लग जाएगी."

तिला कोणी मागे ओढलं नाही.

मी दोन पावलं मागे सरले.